मोकळी जागा, मुद्रणमांडणीतील

मुद्रित पृष्ठ, भित्तिपत्रक, जाहिरात इत्यादींच्या मांडणीत अक्षरे व चित्रे यांनी न व्यापलेल्या भागास मोकळी जागा म्हणतात. ती पांढरीच असते असे नाही. रंगीत कागदावर तोच रंग हे कार्य करतो. मजकूर बसवून उरलेला भाग असे तिचे स्वरूप नसून, अक्षरे व चित्रे यांच्याप्रमाणेच ती मांडणीचा एक घटक होय. अक्षरे, शब्द व ओळी यांमधील अंतरे सूक्ष्म स्वरूपाची, तर समास, रकान्यांमधील पट्टा व चित्राभोवतीचा भाग ही स्थूल स्वरूपाची मोकळी जागा होय.

खिळ्यांच्या जुळणीत ही जागाही धातूनेच भरावी लागे. शब्दांमध्ये स्पेस, अपुऱ्या ओळीत क्वाड व दोन ओळींमध्ये लेडच्या पट्ट्या घालीत. त्यांची उंची खिळ्यांपेक्षा कमी असल्याने त्यांना शाई लागत नसे. देवनागरीत मात्रा, वेलांट्या व रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली येत असल्याने ओळींमधील अंतर विशेष काळजीने ठरवावे लागते.

समासांच्या प्रमाणाचा विचार जुना आहे. मध्ययुगीन यूरोपीय हस्तलिखितांच्या आधारे यान चिखोल्ट (१९०२–७४) या जर्मन मुद्राक्षरतज्ञाने १९५३ मध्ये एक पृष्ठरचना मांडली. २ : ३ प्रमाणाच्या पृष्ठावर आतील, वरचा, बाहेरील व खालचा समास अनुक्रमे २ : ३ : ४ : ६ या प्रमाणात ठेवल्यास मजकूर पृष्ठाचा ४/९ भाग व्यापतो, म्हणजे निम्म्याहून अधिक पृष्ठ कोरे राहते. याच चिखोल्टने १९२८ च्या आपल्या ग्रंथात असममित मांडणीचा पुरस्कार करताना कोऱ्या भागाच्या सक्रिय उपयोगावर भर दिला होता.

जाहिरातकलेतील प्रसिद्ध उदाहरण १९५९ मधील फोक्सवॅगन मोटारीच्या अमेरिकेतील जाहिरातीचे होय. हेल्मूट क्रोन या कलादिग्दर्शकाने चित्राचा बहुतेक भाग कोरा ठेवून छोटी मोटार वरच्या बाजूस एका कोपऱ्यात दाखविली. तेथील कोरेपणामुळेच गाडीचा लहानपणा नजरेत भरतो.

जवळ असलेल्या गोष्टी डोळा एकत्र जोडतो. म्हणून शीर्षकाच्या वर अधिक व खाली कमी जागा सोडतात. दोन्हीकडे सारखी सोडल्यास शीर्षक कोणत्या मजकुराचे, हे चटकन कळत नाही. अरुंद रकान्यात ओळींच्या दोन्ही कडा सरळ राखण्याच्या हट्टाने शब्दांमध्ये मोठी अंतरे पडतात व पृष्ठावर पांढरे ओघळ दिसू लागतात. तात्पर्य, मोकळी जागा केवळ भरपूर असून भागत नाही. ती योग्य ठिकाणी असावी लागते.

कागदाचा खर्च वाचविण्यासाठी बहुधा प्रथम हीच जागा कमी केली जाते. परंतु पाठ्यपुस्तक, अर्जाचा नमुना वा औषधासोबतचे माहितीपत्रक यांत दाटी झाल्यास वाचकाची ओळ चुकते, सूचना नजरेतून निसटते. तेथे कागदाची बचत छापणाऱ्याची होते; तिची किंमत मात्र वाचकाला मोजावी लागते.