हनुक्काच्या ज्योती

दीपावलीत आपण सर्व पणत्या एकदमच उजळतो. यहुद्यांच्या हनुक्कात मात्र पहिल्या सायंकाळी एक, दुसऱ्या सायंकाळी दोन, अशा चढत्या क्रमाने आठव्या सायंकाळी आठ ज्योती लागतात.

इ. स. पूर्व १६४ च्या सुमारास यहूदा मक्काबी याने ग्रीक राजसत्तेपासून जेरुसलेमचे मंदिर सोडवून ते शुद्ध केले. तेथे मिळालेले एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळले, अशी कथा आहे. शम्मायचे अनुयायी म्हणत, आठांपासून आरंभ करून रोज एक ज्योत कमी करावी. हिल्लेलच्या पंथाने मात्र पावित्र्य वाढते असावे असे सांगितले, आणि तेच रूढ झाले.

या उजेडात वाचन वा काम करावयाचे नसते. म्हणून ‘शमाश’, म्हणजे सेवक, ही नववी ज्योत वेगळी असते. दिवा दाराशी वा खिडकीत, लोकांना दिसेल असा ठेवावा. संकटकाळी मात्र तो घरातील मेजावर ठेवला तरी पुरे, अशी शास्त्राची मुभा आहे.

कोकणातील बेने इस्रायल पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी विसावा घेत. म्हणून ते ‘शनिवार तेली’. परंतु तेलाचा हा सण त्यांना पूर्वी ठाऊक नव्हता. आपले पूर्वज त्या घटनेआधीच मायदेश सोडून निघाले, असे ते मानतात. पुढे धर्मबंधूंकडून ओळख होताच त्यांनी तो आपलासा केला. उशिरा लागलेली ज्योतही ज्योतच असते.