बेड बाथ अँड बियॉन्ड: अडीच महिन्यांची घसरण

६ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या ‘बेड बाथ अँड बियॉन्ड’चा शेअर एका दिवसात ९२ टक्के चढून ५.८६ डॉलरवर बंद झाला. चादरी, टॉवेल, भांडीकुंडी विकणाऱ्या या १९७१ सालच्या दुकानसाखळीने जानेवारीतच कर्जफेड चुकवली होती. भांडवल उभारणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

योजना अशी होती: आधी २२.५ कोटी डॉलर रोख, पुढे वॉरंटांतून, म्हणजे नंतर शेअर घेण्याच्या हक्कांतून, टप्प्याटप्प्याने सुमारे ८० कोटी. मुख्य गुंतवणूकदार होता हडसन बे कॅपिटल हा हेज फंड. दहा हजार डॉलर मूल्याचा परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर साडेनऊ हजारांना मिळत होता, पण खरी मेख रूपांतराच्या भावात होती. ६.१५ डॉलर, किंवा अलीकडच्या दहा दिवसांतल्या नीचांकी सरासरी भावाचे ९२ टक्के, यांत जे कमी असेल ते, तळ ०.७१६ डॉलरचा. ६.१५ च्या भावाने एका प्रेफरन्स शेअरचे १,६२६ साधे शेअर होतात. नीचांकी भाव एक डॉलरवर आला, की त्याच कागदाचे सुमारे १०,८७०. अशा कागदाच्या धारकाला कंपनी सावरण्याची वाट पाहावी लागत नाही. रूपांतर करायचं, विकायचं. विक्रीने भाव दबला, तर पुढचं रूपांतर आणखी स्वस्त. समोर खरेदीला होते ते रेडिटवरच्या उत्साहाने भारलेले किरकोळ गुंतवणूकदार.

११.७ कोटी शेअर २७ मार्चपर्यंत सुमारे ४२.८ कोटी झाले. भाव डॉलरखाली गेला. ३० मार्चला करार गुंडाळला, तेव्हा हाती सुमारे ३६ कोटी डॉलर आले होते. २३ एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज. त्याआधीचा शेवटचा भाव २९ सेंट.

सगळं खापर फंडावर फोडणं मला पटत नाही. अटी उघड होत्या, आणि बुडत्या कंपनीला स्वस्त पैसा कोण देणार? राग यायचा तर आधीच्या व्यवस्थापनांचा यावा. २००४ पासून त्यांनी ११.८ अब्ज डॉलर स्वतःचेच शेअर परत घेण्यात घातले. त्याच्या जेमतेम तीन टक्के रकमेसाठी आता शेअरसंख्या साडेतीन पटींवर गेली!

जूनमध्ये ‘ओव्हरस्टॉक’ या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीने ब्रँडनाव २.१५ कोटी डॉलरला घेतलं. सप्टेंबरअखेर सगळे शेअर रद्द झाले, भागधारकांना काहीच मिळालं नाही. नाव विकून बसलेली कंपनी ‘२०२३०९३०-डीके-बटरफ्लाय-१’ झाली, आणि २०२४ मध्ये तिने हडसन बेवर अल्पकालीन नफा परत मागणारा दावा ठोकला.