महाविद्यालयाचे सभागृह कोणाचे?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की पनवेल परिसरातील महाविद्यालयांत अभ्यासाबरोबरच आणखी एक लगबग सुरू होते. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, पनवेलच्याच आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात रंगणारा अटल करंडक, अशा एकामागून एक स्पर्धांचे वेध नाट्यमंडळांना लागतात. वाङ्मय मंडळे वक्त्यांच्या तारखा जुळवू लागतात. निसर्ग मंडळांची भटकंती ठरते. या सर्वांची पहिली गरज असते ती जागेची. तासिका संपल्यावर रिकामा होणारा एखादा वर्ग, संध्याकाळी दोन-तीन तास मिळणारे सभागृह, एक ध्वनिक्षेपक आणि चार दिवे एवढे मिळाले की बाकीचे विद्यार्थी निभावून नेतात. मात्र ही जागा देताना मंडळांकडून शुल्क घ्यावे का, हा प्रश्न देशोदेशीच्या शिक्षणसंस्थांपुढे वारंवार उभा राहिला आहे. वरवर तो हिशेबाचा वाटतो. परंतु संस्थेत कोणते मंडळ तगेल आणि कोणते बंद पडेल, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते.

खर्च तीन प्रकारचा

संस्थाचालकांची बाजू नजरेआड करता येणार नाही. सभागृह रात्री आठपर्यंत उघडे ठेवायचे तर शिपायाला थांबावे लागते, वॉचमनची पाळी वाढते, विजेचे बिल चढते. अनुदानित महाविद्यालयांना सरकारकडून मिळणारी रक्कम मुख्यतः वेतनावर जाते, आणि विनाअनुदानित संस्थांना तर सारा डोलारा विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच उभा करावा लागतो. खुर्च्या मोडल्या, ध्वनिक्षेपक बिघडला, तर तो दुरुस्त कोणी करायचा, हाही प्रश्न असतोच.

मात्र ‘शुल्क’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली अनामत : मोडतोड झाली नाही तर ती परत मिळते. दुसरी प्रत्यक्ष खर्चाची भरपाई : जादा थांबलेल्या कर्मचाऱ्याचा भत्ता किंवा सफाईचा खर्च. तिसरे निव्वळ भाडे, म्हणजे जागा वापरल्याचा मोबदला. पहिल्या दोहोंचे समर्थन करता येते. वाद खरा आहे तो तिसऱ्याबद्दल. बाहेरच्या संस्थेला सभागृह भाड्याने देणे आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ते भाड्याने देणे, या दोन व्यवहारांत मूलभूत फरक आहे.

करकायद्यानेही हा फरक मानला आहे. मान्यताप्राप्त शिक्षण देणाऱ्या संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना दिलेल्या सेवा २०१७ च्या अधिसूचनेनुसार वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. तेच सभागृह त्रयस्थाला व्यावसायिक कार्यक्रमासाठी दिले तर भाड्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही विद्यार्थी हा संस्थेच्या दारातला गिऱ्हाईक नव्हे, तो घरातलाच मानला गेला आहे.

पावतीवरील रकाने

प्रवेशाच्या वेळी मिळणारी पावती बहुतेक पालक जपून ठेवतात. वाचतात मात्र थोडेच. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या पावतीवर शिकवणी शुल्काखेरीज ग्रंथालय, जिमखाना, अभ्यासेतर उपक्रम, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण, विकास निधी असे अनेक रकाने असतात. जिमखान्याचे पैसे कधीही मैदानावर न उतरणारा विद्यार्थीही भरतो आणि अभ्यासेतर उपक्रमांचे पैसे कधीही रंगमंचावर न चढणारी विद्यार्थिनीही भरते. यात अन्याय नाही. सामाईक सोयी अशाच उभ्या राहतात. पण एकदा सर्वांकडून या नावाने पैसे घेतल्यावर त्यांतील मोजक्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष उपक्रम सुरू केला की त्यांच्याकडून पुन्हा भाडे मागणे म्हणजे एकाच सोयीचे दोनदा पैसे घेणे होय.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा मुद्दा अधिकच धारदार झाला आहे. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या शासन निर्णयातील अभ्यासक्रमाच्या आराखड्यात क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या सहशालेय विषयांना श्रेयांक देण्यात आले. जे काल ‘अभ्यासेतर’ होते, ते आता गुणपत्रिकेत आले. अशा वेळी तालमीच्या खोलीचे भाडे मागणे आणि प्रयोगशाळेच्या टेबलाचे भाडे मागणे यांत फारसे अंतर उरत नाही.

पनवेलच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नवीन पनवेल, कामोठे, खारघर ही सिडकोने वसवलेली उपनगरे. शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड देण्याचे सिडकोचे धोरण राहिले आहे. अशा भूखंडांवरील इमारतींमागे संस्थेच्या पैशाबरोबर सार्वजनिक सवलतही उभी असते.

एकाच शहरात तीन नियम

दाद कोठे मागायची, हे मात्र संस्था कोणत्या प्रकारची यावर अवलंबून आहे, आणि पनवेल महापालिका हद्द व तिच्या परिसरात तिन्ही प्रकार नांदतात. चांगू काना ठाकूर महाविद्यालय, पिल्लई महाविद्यालय, रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. कामोठ्याची एमजीएम आरोग्यविज्ञान संस्था अभिमत विद्यापीठ. द्रुतगती मार्गालगत भाताण येथील अ‍ॅमिटी हे २०१४ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले खासगी विद्यापीठ.

संलग्न महाविद्यालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती नेमण्याची तरतूद केली. वार्षिक अंदाजपत्रक तयार करणे आणि स्नेहसंमेलन, क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रमांचे नियोजन करणे ही या समितीची कामे. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. म्हणजे जागेच्या शुल्काचा विषय जेथे मांडायचा ते टेबल कायद्याने दिलेले आहे. तेथील विद्यार्थ्यांची खुर्ची भरलेली असावी, एवढेच. याच कायद्याने परिषदेसाठी प्रत्यक्ष निवडणुकांची वाट खुली केली होती. २०१९ मध्ये त्यांची तयारीही झाली. पण त्या वर्षी त्या पुढे ढकलण्यात आल्या. ज्यांनी हिशेब मागायचा तेच समितीत नसतील, तर शुल्काचा ठराव बिनविरोध होणारच.

अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही चौकट लागू नाही. तेथे संस्थेची नियमावली आणि प्रवेशावेळी दिलेली माहितीपुस्तिका हाच आधार. भाषण आणि संघटनेचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमाने दिले असले, तरी सभागृह मिळण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही.

अमेरिकेतील धडा

अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेने एका विद्यार्थी गटाला धार्मिक कारणावरून जागा नाकारली. १९८१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की विद्यार्थी गटांसाठी जागा एकदा खुली केल्यावर एखाद्या गटाच्या विचारांकडे पाहून ती नाकारता येणार नाही. त्या विद्यापीठात १९७८-७९ मध्ये प्रत्येक विद्यार्थी सत्राला ४१ डॉलर उपक्रम शुल्क भरत होता, याची नोंद निकालपत्रात आहे.

नकार पैशाच्या रूपानेही देता येतो, हे २०१८ मध्ये दिसले. वॉशिंग्टन विद्यापीठाने एका राजकीय विद्यार्थी संघटनेच्या सभेसाठी बंदोबस्ताचा खर्च म्हणून सुमारे १७ हजार डॉलर मागितले. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायालयाने वसुली रोखली आणि अखेर विद्यापीठाने ते धोरण सोडून १ लाख २२ हजार ५०० डॉलर देऊन तडजोड केली. विरोधक गोंधळ घालतील म्हणून वक्त्याकडून जास्त पैसे घेतले, तर गोंधळ घालणाऱ्यांच्या हाती नकाराधिकार जातो, हे या वादाचे सार होते. ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये विद्यार्थी संघटनांचे सक्तीचे शुल्क कायद्याने बंद केले. त्यानंतर विद्यापीठांतील सेवा व मंडळे यांना ओढ लागली आणि २०११ मध्ये नव्या कायद्याने विद्यार्थी सोयींसाठी मर्यादित शुल्क पुन्हा आणावे लागले. सामाईक शुल्क काढून टाकले की भार वापरणाऱ्यावर पडतो, आणि तो सर्वांनाच पेलतो असे नाही.

लहान मंडळांचे काय?

हिशेब सोपा आहे. समजा, पंधरा जणांच्या नाट्यमंडळाला एका एकांकिकेसाठी वीस दिवस रोज तीन तास तालीम करायची आहे आणि खोलीचा दर तासाला ३०० रुपये आहे. भाडेच १८ हजार रुपये होते. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क हे त्यावर. म्हणजे प्रत्येकी १,२०० रुपये केवळ उभे राहण्याच्या जागेसाठी. उरण, खालापूर, कर्जत येथून रोज गाडीभाडे खर्चून येणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण या आकड्यापाशीच थांबतील, आणि थांबण्याचे कारण घरचा अभ्यास असेच सांगतील.

मोठ्या महोत्सवांना अशी झळ बसत नाही; त्यांच्या मंचामागे प्रायोजकांचे फलक असतात. कविता वाचणाऱ्या आठ-दहा जणांना, बुद्धिबळ खेळणाऱ्यांना, अंधश्रद्धेवर चर्चा ठेवणाऱ्यांना प्रायोजक मिळत नाही. सरसकट भाड्याचा परिणाम असा होतो, की झगमगाट टिकतो आणि विचारांची, छंदांची लहान मंडळे विझत जातात.

मुंबईच्या इतिहासात याचे उलट उदाहरण सापडते. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व शिक्षकांनी १८४८ मध्ये एक साहित्य व विज्ञान सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तेथे विनामोबदला शिकवीत, आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या जागेत अशा शाळेला आसरा दिला. विद्यार्थ्यांच्या एका मंडळाला वेळेवर जागा मिळाली, याचे फळ पुढील पिढ्यांनी चाखले.

वाजवी मार्ग

संस्थेचा खर्च भागावा आणि मंडळेही जगावीत, यासाठी फार मोठ्या सुधारणांची गरज नाही. संस्थेच्या नोंदणीकृत मंडळांना कामकाजाच्या वेळेत जागा विनामूल्य असावी. वेळेनंतरचा प्रत्यक्ष खर्च शक्यतो जिमखाना व उपक्रम निधीतूनच द्यावा. त्यापलीकडे जे घ्यायचे ते सर्व मंडळांना सारखे, वर्षारंभी सूचनाफलकावर लावलेले आणि पावती देऊन घेतलेले असावे. प्रायोजक असलेल्या आणि तिकीट लावणाऱ्या कार्यक्रमांसाठी वेगळा दर ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. आणि जिमखाना निधीचा जमाखर्च दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. भरीव सरकारी अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयांतून तो माहितीच्या अधिकारातही मागता येतो. पण अर्ज करण्याची वेळ यावी, हेच मुळात शोभादायक नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एक गोष्ट करावी. कपाटात ठेवलेली प्रवेशाची पावती बाहेर काढून एकदा रकाना रकाना वाचावी. सभागृहाचे भाडे मागितले गेले, तर पहिला प्रश्न त्या पावतीवरूनच विचारता येईल.