दिपोटींचा शेरा

खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे कपाट उघडले, की हजेरीपटांच्या चळतीत एक जाड पुठ्ठ्याची वही हमखास सापडते. तिचे नाव शेरेबुक. शाळा पाहावयास आलेल्याने तारीख घालावी, पट किती व हजर किती ते मांडावे, चार ओळींचा अभिप्राय लिहून खाली सही ठोकावी, असा तिचा साधा शिरस्ता. लहानशा शाळेचा इतिहास मुद्दाम लिहावयास कोण बसणार? तो असा पाहुण्यांच्या हातूनच तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो.

हे पाहुणे आले कोठून? १८५४ साली वुडच्या खलित्याने शिक्षणखाते आणि शाळातपासनीस यांचा पाया घातला. ‘डेप्युटी इन्स्पेक्टर’ हे जड नाव खेडुतांच्या जिभेवर घासून ‘दिपोटी’ झाले. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक १८६६ साली रत्नागिरीहून पुण्यास आले, ते याच खात्यात साहाय्यक दिपोटी म्हणून. दिपोटी यायचे म्हणजे शाळेचा सणच! अंगण सारवायचे, टोप्या धुवायच्या, चुणचुणीत पोरे पुढच्या रांगेत बसवायची. मग शेरा पडे : ‘शाळा पाहिली. प्रगती समाधानकारक.’ वाचकहो, यात खोटे काहीच नाही. फक्त हा शेरा शाळेचा नव्हे, त्या सणाचा आहे!

ही मेख जोतीराव फुल्यांनी नेमकी हेरली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट सांगितले, की दिपोटींच्या वर्षातून फार तर एका भेटीने फारसा लाभ होत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहावी.

म्हणून शेरेबुकातली विशेषणे सोडावीत आणि आकडे वाचावेत. ऑगस्टातली हजेरी आणि जानेवारीतली हजेरी शेजारी ठेवून पाहा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडसारख्या जिल्ह्यातली कुटुंबे उसाच्या फडाकडे निघतात. आईबापांबरोबर पोरेही जातात. पटावर नाव राहते, पाटीवरचे अक्षर मात्र पुसले जाते. अशा गावी पावसाळ्यात आलेला पाहुणा खुशीने सही करून जाईल; हिवाळ्यात येणाऱ्याला रिकाम्या जागा दिसतील. तसेच छपराचे. एकाने ‘छप्पर गळते’ असे लिहावे, दुसऱ्यानेही तेच लिहावे, आणि तिसऱ्याने मागली पाने न चाळता पुन्हा तेच! पाहुणा विसरतो, वही विसरत नाही.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. पुढे दिपोटींचे काम विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख पाहू लागले. पण खरा पालट कागदावर झाला तो २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने. शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. शाळेच्या कारभारावर नजर ठेवणे हे या समितीचेच काम. फुल्यांना हवा असलेला, वर्दी न देता येणारा तपासनीस आता गावातच राहतो. पोराचा विसरलेला डबा घेऊन दारात उभी राहिलेली आई! ती आली म्हणून कोणी अंगण सारवीत नाही. तिला दिसते ती खरी शाळा. मात्र शेरेबुक तिच्यापुढे कोणी ठेवतो का? ते ज्या दिवशी ठेवले जाईल, त्या दिवशी ही वही खऱ्या अर्थाने शाळेची होईल.

आणि आपण शहरवासी? दिवाळीत गावी जाल तेव्हा शाळेला कुलूप असेल. एकदा मुद्दाम कामाच्या दिवशी, न कळवता जा. गुरुजींना हारतुऱ्यांसाठी वर्ग सोडावयास लावू नका. मागली दहा पाने चाळा. मग ‘समाधान वाटले’ या दोन शब्दांऐवजी हजर मुलांचा आकडा लिहा, आणि गेल्या पाहुण्याने सांगितलेले काम झाले की राहिले, तेवढे नमूद करा.