आधी लेखन की आधी कॅमेरा?

२००१ सालची गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला, सामने भरवले, आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांनी बारसे यांच्या याच कामावर ‘झुंड’ हा चित्रपट केला. पण समजा, माहितीपट करायचा असता तर?

पहिली अडचण पावसाचीच. तो पडून गेला. त्याचं चित्रण आता मिळणार नाही. मग माहितीपटकार जुने फोटो शोधतो, तेव्हाच्या मुलांना बोलतं करतो, किंवा आज मैदानावर जे चाललंय त्याच्या मागे राहतो. कोणाची संमती आहे, कोणाची नाही, हे आधीच लेखी ठरतं. लहान मुलं असतील तर पालकांची सही लागते. चित्रीकरण संपलं की खरं लेखन सुरू होतं. प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवायची, कुठलं वाक्य कितव्या मिनिटाला आहे ते नोंदवायचं, आणि त्यातून संकलनाच्या टेबलावर क्रम लावायचा. याला किती काळ लागेल, सांगता येत नाही. मुंबईतल्या रमाबाई नगर वस्तीत १९९७मध्ये पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी चित्रीकरण सुरू केलं. त्यातून घडलेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला २०११मध्ये.

पटकथेत उलटं. सगळं आधी कागदावर. पाऊस लिहिला की पाडता येतो. मात्र खऱ्या माणसाची गोष्ट असेल तर पहिलं काम हक्कांचं. ‘झुंड’चं प्रदर्शन २०२०मध्ये हक्कांच्याच वादामुळे कोर्टात अडकलं, चित्रपट आला तो ४ मार्च २०२२ रोजी. हक्कांनंतर निवड. वर्षानुवर्षांचं काम तीन तासांत बसवताना कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय, यावर प्रसंग रचले जातात. ‘झुंड’च्या पूर्वार्धात वस्तीची पोरं कॉलेजच्या संघाशी भिडतात, उत्तरार्धात परदेशी खेळायला जायचं म्हणून पासपोर्टसाठी वणवण. समोरचा संघ निदान डोळ्यांना दिसतो, सरकारी कागदांची आडकाठी दिसत नाही. त्यामुळे लेखकाला तो अडथळा खिडक्या, शिक्के आणि हेलपाटे यांतून दाखवावा लागतो.

पटकथेचा ढोबळ हिशेब एका पानाला एक मिनिट. मानधन बहुधा टप्प्याटप्प्यानं मिळतं: करारावर, पहिल्या खर्ड्यावर, अंतिम खर्ड्यावर. संहिता कोणाला दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवावी. माहितीपटकाराचं घर बहुतेकदा संस्थांसाठी केलेल्या फिल्म्स, अनुदानं आणि शिकवणं यांवर चालतं.

दोन्हीकडे जाणारा दरवाजा म्हणजे लघुपट. मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला, ‘फँड्री’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट नंतर आला. सुमित्रा भावे यांनी वस्तीतल्या बायकांवरच्या संशोधनातून १९८५मध्ये ‘बाई’ केला. पुढे ‘दोघी’ आणि ‘कासव’ हे चित्रपट लिहिताना संशोधनातली ऐकून घेण्याची सवय त्यांच्या कामी आली.

म्हणून नागपुरात बसून सुरुवात करणाऱ्यानं विषय सापडला की आधी एवढंच तपासावं: गोष्ट घडून गेलीय की अजून घडतेय? घडतेय, तर आजच कॅमेरा घेऊन निघावं. घडून गेलीय, तर त्या माणसांकडे आधी परवानगी मागायला जावं आणि मग लिहायला बसावं.