पडद्यावरील शेतकरी आणि त्याची पहिली मोटार

अमेरिकेंतील मूक विनोदपटांत खेडवळ शेतकऱ्याचें एक ठराविक सोंग असे. तो पहिली मोटारगाडी घेतो, लगाम खेंचावा तसें सुकाणूचें चाक खेंचतो, घोड्यास थांबवावें तशी हांक घालतो, आणि अखेर कुंपण मोडून ओढ्यांत जातो. शहरांतील प्रेक्षक पोट धरून हंसत. या हंसण्यांत खरें किती, हें पाहणें आमच्या वाचकांस मनोरंजक व उपयुक्तहि वाटेल.

विनोदाचा पाया खरा होता, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. तेथील शेतकऱ्यांच्या हातीं मुख्यतः आली ती फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी. तिला पायाखालीं तीन पट्ट्या असत. डावी वेग बदलण्याची, मधली मागें जाण्याची, उजवी थांबविण्याची. वेग वाढविण्याचा दांडा मात्र हातापाशीं! सुरू करण्यास पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे, आणि ठिणगीचा दांडा चुकल्यास तें उलट फिरून मनगट मोडे. थंडीनें तेल घट्ट झालें असतां गाडी सुरू होतांच मालकाच्याच अंगावर येई. पेट्रोल केवळ उतारानें यंत्रांत येत असल्यामुळें उभा चढ कित्येकदां उलट चढावा लागे. चार्ली चॅप्लिनच्या १९१९ मधील ‘अ डेज प्लेझर’ या मूकपटांतहि फोर्ड गाडी अशीच थरथरते. पण तेथें मालक शेतकरी नसून कुटुंबवत्सल गृहस्थ आहे. सारांश, फजितीचें मूळ यंत्रांत होतें, खेडवळपणांत नव्हे.

पडद्यावर न दिसलेली गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९०८ सालीं ८५० डॉलरांस विकली जाणारी ही गाडी. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरांस मिळूं लागला. बांधा उंच असल्यानें ती चिखलांतील चाकोऱ्यांतूनहि चाले. शेतकऱ्यानें तिचें मागील एक चाक उचलून धरलें, त्यास पट्टा जोडला, आणि तिच्यावर करवत, दळणाचें यंत्र व मक्याचे दाणे काढण्याचें यंत्र चालविलें. ज्याच्या अज्ञानास लोक हंसले, त्यानेंच गाडीचा कारखाना केला! १९२० च्या खानेसुमारींत तेथील सुमारें तीस टक्के शेतांवर मोटार होती.

तथापि नाण्यास दुसरी बाजूहि आहे. १९२०-२१ त धान्याचे भाव कोसळले, आणि तेजींत कर्ज काढून जमीन व यंत्रें घेतलेल्यांस फेड जड गेली. त्यांची ती विपत्ति हंसण्याचा विषय नव्हती.

गाडी ओढ्यांत पडली कीं चित्रपट संपतो. शेतकऱ्याचा हिशेब तेथून सुरू होतो. म्हणून कोणतेंहि यंत्र दारीं आणण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. वर्षांतून किती दिवस तें कामास लागेल? बिघडल्यास जवळ दुरुस्त कोण करील? आणि भाव उतरल्यास हप्ता कोठून भरावयाचा? उत्तरें समाधानकारक असतील तर जगाच्या हंसण्यास भिण्याचें कारण नाहीं.