साडेसात तासांची भरती

शिरनेसपाशी, टेम्सच्या मुखावर, ओहोटीने तळ गाठलेला असतो. काठचा चिखल उघडा पडलेला, आणि नेमक्या याच वेळी लंडनला निघालेल्या यॉट नांगर उचलतात. लंडन ब्रिज इथून सुमारे ४० सागरी मैल, म्हणजे ७४ किलोमीटर. शिडाची छोटी यॉट ताशी ५ नॉटने, म्हणजे ९ किलोमीटरने जाते. हिशेब आठ तासांचा, आणि भरती तर सहाच तासांची. मग शेवटचे दोन तास उलट्या पाण्याशी झुंजायचे का?

नाही. एक तर पाणी स्वतःच दोनेक नॉटने यॉटला पुढे ढकलतं. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. भरती ही एक लांबच लांब लाट. तिचा माथा शिरनेसहून लंडन ब्रिजला सुमारे दीड तासात पोचतो. पाणी मात्र त्या मानाने रमतगमत सरकतं. म्हणजे शिरनेसला भरती संपते तेव्हा लंडनमध्ये पाणी अजून चढतच असतं. लाटेच्याच दिशेने निघालेल्या यॉटला त्यामुळे साडेसात तास भरती मिळते. लाटेच्या वेगाने धावता आलं असतं, तर तिची भरती संपलीच नसती! दूर जाणाऱ्या गाडीची शिटी खर्जात उतरते, त्यामागचा डॉप्लर परिणाम तो हाच. परतताना या फायद्याची वसुली होते: समोरून येणाऱ्या लाटेमुळे ओहोटीचे पाच तासही धड मिळत नाहीत.

नदी आत निमुळती होत जाते, तसं पाणी दाटीने वर चढतं. उधाणाला शिरनेसला भरती-ओहोटीतला फरक पाचेक मीटर, तर लंडन ब्रिजला साडेसहा. (मुंबईत पावसाळ्यात ‘साडेचार मीटरच्या लाटा’ अशा बातम्या येतात, ती लाटांची उंची नसते, भरतीच्या पाण्याची पातळी असते.)

वाटेत मालवाहू जहाजांची वर्दळ. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यावी, हा समुद्रावरचा रिवाज अरुंद मार्गात उलटा होतो. मोठ्या जहाजाला वळायला जागाच नसते. यॉटने मुकाट्याने उजवी कड धरायची. पुढे १० दरवाजांचा, ५२० मीटर रुंद, पूर अडवणारा टेम्स बॅरिअर येतो. तिथे रेडिओवरून परवानगी मागायची, शिडं उतरवायची आणि इंजिनवर पार व्हायचं.

टॉवर ब्रिजच्या अलीकडे मुक्कामाचा सेंट कॅथरीन डॉक आहे. त्याचं लॉक, म्हणजे आतलं पाणी अडवून धरणारा दरवाजा, भरतीच्या माथ्याआधी साधारण दोन तास उघडतो आणि नंतर दीड तासाने बंद होतो. उशीर झालाच, तर बाहेर बोयाला दोर बांधून पुढच्या भरतीपर्यंत प्रवासी बोटींच्या लाटांवर डुलत बसायचं.